आधी राउटर सांभाळ

पोरी, खारघरच्या नव्या घरात टेबल मांडून तू ऑफिसचं काम सुरू केलंस, फार बरं वाटलं. आता विचारतेस, काका, यूपीएस कोणता घेऊ? कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण चांगल्या चार-पाच कंपन्यांच्या मालात फारसं डावंउजवं नसतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स करण्यात माझं आयुष्य गेलं. तिथली एक सवय तुला देतो. बॅकअप विकत घेण्याआधी, लाईट गेल्यावर काय काय बंद पडतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. दुकानात मग जायचं.

तर एखाद्या रविवारी, मीटिंग नसेल तेव्हा, लॅपटॉपवर काहीतरी चालू ठेव आणि घरचा मेन बंद कर. लॅपटॉपला काहीच होणार नाही, त्याच्या पोटात बॅटरी आहे. बंद पडेल तो राउटर. दहा वॅटसुद्धा न खाणारी ती डबी पडली की तुझं ऑफिस पडलं. लोक मात्र दुकानात जाऊन कॉम्प्युटरसाठी यूपीएस मागतात. डेस्कटॉपचा जमाना होता तेव्हा ते बरोबर होतं. तुझ्यासारखं लॅपटॉपवर काम असेल तर पहिला पैसा राउटरवर घाल.

राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, आत लिथियमची बॅटरी असते. राउटरच्या ॲडॉप्टरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाच: आउटपुट १२ व्होल्ट आणि १, १.५ किंवा २ अँपिअर. छोट्या यूपीएसचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. काही राउटर ९ किंवा ५ व्होल्टचे असतात, त्यांना १२ व्होल्ट दिले तर जळतील. फायबरचं कनेक्शन असेल तर भिंतीवर वेगळा डबा आणि खाली वेगळा राउटर, अशा दोन वस्तू असू शकतात. दोन्हींना बॅकअप हवा. एकालाच दिला तर दिवे लुकलुकत राहतात आणि नेट बंद.

एवढं करूनही नेट गेलं तर? नवी मुंबईत हे खूप घरांत होतं आणि माणसं विनाकारण राउटर बदलत बसतात. त्याचं कारण बहुतेक वेळा घराबाहेर असतं. खरोखरचं फायबर थेट तुझ्या फ्लॅटपर्यंत आलं असेल तर कंपनीचं केंद्र आणि तुझं घर यांच्यामध्ये सहसा विजेवर चालणारी वस्तू नसते, प्रकाश नुसत्या काचेच्या तंतूतून वाटला जातो. पण बऱ्याच इमारतींत केबलवाल्यानं फायबर गच्चीपर्यंत किंवा जिन्याच्या शाफ्टपर्यंत आणलेलं असतं, तिथं एका पेटीत स्विच बसवलेला असतो आणि पुढं घरोघरी तांब्याची लॅन केबल सोडलेली असते. तो स्विच सोसायटीच्या लाईटवर चालतो. इमारतीची लाईट गेली की तो मरतो, मग तुझ्या घरात केवढाही मोठा इन्व्हर्टर असो. पुढच्या वेळी इमारतीची लाईट जाईल तेव्हा बघ: राउटर चालू आहे, वायफाय दिसतंय, पण पान उघडत नाही. असं झालं तर केबलवाल्याला सांगून त्या पेटीत छोटा यूपीएस बसवून घे. चार घरांनी मिळून मागितला की तो बसवतो. नाहीतर फ्लॅटपर्यंत फायबर देणारं कनेक्शन घे.

मोबाइलचा हॉटस्पॉट हाताशी असावाच, पण सिम ब्रॉडबँडच्या कंपनीचं नको, दुसऱ्या कंपनीचं घे. एकाच कंपनीची लाइन तुटली तर दोन्ही जातात. आणि लाईट तासन्‌तास गेली तर टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात, शिवाय सगळी वस्ती एकदम मोबाइलवर येते. त्यावर फार विसंबू नकोस.

किती वेळाचा बॅकअप हवा, हे ठरवायला आपल्याकडे लाईट का जाते ते माहीत हवं. २००५ साली वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली. त्यानंतरची काही वर्षं राज्यात भारनियमन होतं, तेव्हा लोक रोजचे तास मोजून इन्व्हर्टर घ्यायचे. आता नवी मुंबईत रोजचं भारनियमन नाही. लाईट जाते ती बिघाडानं, नाहीतर ठरवून केलेल्या दुरुस्तीसाठी. पावसाळ्याच्या तोंडाशी वारा सुटतो, विजा कडाडतात, तेव्हा क्षणभर जाऊन येणारी लाईट सगळ्यात जास्त. ती छोट्या यूपीएसनं सहज निभते. ठरवलेल्या दुरुस्तीचा निरोप मोबाइलवर येतो, पण ग्राहक क्रमांकाशी तुझा मोबाइल जोडलेला असेल तरच. नवं घर आहे, बिलावर अजून आधीच्या मालकाचा नंबर असेल. बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक बघ आणि ९९३०३९९३०३ वर एमआरईजी ही चार इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस पाठव. तक्रारीसाठी १९१२ लक्षात ठेव.

तिसरा प्रकार वाईट, केबल फॉल्टचा. आपल्या शहराच्या बऱ्याच भागांत वीज जमिनीखालच्या केबलमधून येते. दिसायला छान, वादळात झाड पडायची भीती कमी. पण कुणी रस्ता खणताना केबलला धक्का लावला किंवा पावसात जुन्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं, की फॉल्ट कुठं आहे ते शोधायचं, तिथं खणायचं, जॉइंट करायचा, यात बराच वेळ जातो. खांबावरची तुटलेली तार डोळ्यांना दिसते, ही दिसत नाही. त्यात आपलं शहर खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसलेलं. बरेच भाग भरतीच्या पातळीहून खाली आहेत, म्हणून तर शहर वसवणाऱ्या सिडकोनं धारण तलाव बांधले. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की पाणी ओसरायला वेळ लागतो. स्टिल्टमधल्या मीटर रूमपाशी पाणी आलं तर पुरवठा बंद ठेवणंच शहाणपणाचं. अशा वेळी लाईट का सोडत नाहीत म्हणून वायरमनवर ओरडायचं नाही.

आणि कधीतरी १२ ऑक्टोबर २०२० सारखा दिवस येतो. सोमवार, सकाळचे दहा. कळवा-पडघा आणि खारघरकडच्या ४०० केव्ही वाहिन्यांवर बिघाड झाले आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची लाईट एकदम गेली. लोकल जागेवर थांबल्या. करोनाचे दिवस, निम्मं शहर घरून काम करत होतं. काही भागांत दोन-अडीच तासांत लाईट आली, काहींना त्याहून कितीतरी जास्त वेळ थांबावं लागलं. असा दिवस पूर्ण पेलेल एवढा बॅकअप घरात ठेवायचा हट्ट करू नकोस. दोन तास निवांत निघतील एवढी सोय कर. त्यापुढं ऑफिसला फोन करून सांगायचं.

आता वॅटचा हिशोब. यूपीएसच्या डब्यावर मोठ्या अक्षरात व्हीए असतं, वॅट कोपऱ्यात असतात. आपल्याला वॅट बघायचे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम ३६० वॅट पेलतो. आणि किती पेलतो यावरून किती वेळ चालेल ते कळत नाही, ते बॅटरीवर ठरतं. त्याच्या आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. प्रत्यक्षात निम्मे हाती लागले तरी खूप. लॅपटॉपचे चाळीस, मॉनिटरचे पंचवीस, राउटरचे दहा, असे पंचाहत्तर वॅट धर. नव्या बॅटरीवर अर्धा तास मिळेल. डेस्कटॉप असता तर दहा-पंधरा मिनिटं, काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरती. जाहिरातीत दोन तास लिहिलेले असतात ते एका बल्बच्या लोडवर.

तुला तास हवे असतील तर इन्व्हर्टर. १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास, त्यातले अकराशे-बाराशे हाती येतात. वरच्या पंचाहत्तर वॅटमध्ये एक एलईडी ट्यूब आणि एक जुना पंखा मिळवला तर १७० वॅट होतात. सहा तासांच्या आसपास चालेल. तो जुना पंखा एकटाच पंचाहत्तर वॅट खातो. त्याच्या जागी बीएलडीसी पंखा लावलास तर तीस-पस्तीस वॅटवर काम होतं. मोठी बॅटरी घेण्यापेक्षा पंखा बदलणं स्वस्त पडतं आणि बाराही महिने बिल वाचतं ते वेगळं.

इन्व्हर्टर घेताना प्युअर साइन वेव्हचाच घे. स्क्वेअर वेव्हवर पंखा गुणगुणतो, ॲडॉप्टर तापतात, आणि काही डेस्कटॉपचे पॉवर सप्लाय तर त्यावर चालायलाच नकार देतात. इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला एक छोटं बटण असतं, यूपीएस मोड आणि इको किंवा नॉर्मल मोड असं. बसवणारा माणूस बहुतेक वेळा ते नॉर्मलवर ठेवून जातो. नॉर्मल मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो. डोळ्याला पापणी लवल्याएवढाही वाटत नाही, पण तेवढ्यात राउटर आणि डेस्कटॉप रीस्टार्ट होतात. राउटर पुन्हा जुळेपर्यंत दोन मिनिटं जातात आणि तुझी मीटिंग तुटते. बटण यूपीएस मोडवर कर. तरीही राउटरला तो छोटा यूपीएस असू दे, दोन्ही एकत्र छान चालतात.

यूपीएसवर काय लावायचं नाही, ते पक्कं लक्षात ठेव. लेझर प्रिंटर नाही. त्याचा हीटर तापताना एकदम शेकडो वॅट ओढतो आणि यूपीएस बीप करून बसतो. इस्त्री, मिक्सर, गिझर, एसी, फ्रिज यांचा तर प्रश्नच नाही. यूपीएसच्या मागच्या पॉइंटला एक्स्टेन्शन बोर्ड लावून त्यावर आणखी पाच वस्तू टांगायच्या नाहीत. मोबाइल चार्जरवाले पाहुणे नेमके तिथंच प्लग शोधतात, त्यांना स्वयंपाकघरातला पॉइंट दाखव.

अर्थिंगकडे मात्र नीट बघ. खाडीच्या खाऱ्या हवेत आपल्याकडे जोड गंजतात, जुन्या सिडको इमारतींत तर अर्थिंगची तार आहे की नाही इथपासून शंका. चांगल्या वायरमनला बोलाव आणि टेबलाजवळच्या पॉइंटवर मीटर लावायला सांग. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. तसं नसेल तर यूपीएसचे पैसे आधी अर्थिंगवर खर्च कर. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिणत असेल तर ती खूण समज. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या पॉइंटमध्ये बसवायची ती पांढरी टोपी घरात ठेवूच नकोस.

इन्व्हर्टर जोडताना वायरमननं डीबीतून, म्हणजे घरातल्या एमसीबीच्या पेटीतून, तुझ्या खोलीची वेगळी लाइन काढली पाहिजे, फेज वेगळा आणि त्याचा न्यूट्रलही वेगळा. न्यूट्रल भलतीकडं जोडला की लाईट गेल्यावर गळती-स्विच पडतो, मग दुसरा वायरमन येऊन तो स्विचच काढून टाका म्हणतो. असं करू देऊ नकोस. तो स्विच माणसाचा जीव वाचवतो.

आणखी एक धोका कुठल्याच यूपीएसनं टळत नाही. इमारतीला तीन फेज येतात आणि त्यांचा न्यूट्रल एक असतो. तो कुठं तुटला किंवा सैल झाला तर काही फ्लॅटमध्ये व्होल्टेज तीनशेच्या वर चढतं. खूण अशी, की लाईट आली आणि पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरतोय, ट्यूब भलतीच लखलखतेय, यूपीएस सारखा टकटक करतोय. त्या क्षणी मेन बंद कर. आधी मेन, मग शेजाऱ्यांना हाक, मग १९१२. एरवीसुद्धा लाईट आल्यावर एसी आणि फ्रिज पाच मिनिटांनी लाव.

सोसायटीत जनरेटर आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. बहुतेक ठिकाणी तो लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांसाठी असतो. काही टॉवरमध्ये फ्लॅटला एखादा दिवा-पंख्याचा पॉइंट मिळतो. तुला तसा मिळाला तरी जनरेटर उचलेपर्यंतचे सेकंद भरायला यूपीएस लागेलच. जनरेटरची फ्रिक्वेन्सी खालीवर होत असेल तर साधा यूपीएस ती वीज स्वीकारत नाही आणि बॅटरीवरच चालत राहतो, हे एकदा तपासून ठेव.

आता बॅटरी. सगळं यंत्र एकीकडं आणि बॅटरीची देखभाल एकीकडं. बॅटरीचा खरा वैरी ऊन आणि उकाडा. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला आडाखा आहे. काचा लावून बंद केलेली तुझी पश्चिमेची बाल्कनी बॅटरीसाठी सगळ्यात वाईट जागा. माळा नको, बंद कपाट नको, झोपायची खोली तर मुळीच नको, कारण चार्ज होताना पाण्याच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि त्याला हवा लागते. पॅसेजमध्ये, सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच ट्रॉलीवर ठेव.

ट्युब्युलर बॅटरीत पाणी दर तीन महिन्यांनी बघ. तरंगणाऱ्या खुणा दिसतात, त्या वरच्या आणि खालच्या रेघेमध्ये असाव्यात. घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी चालत नाही. एसीतून टपकलेलं पाणीही चालत नाही, लोक ते बाटलीत साठवून घालतात आणि बॅटरी मारतात. ॲसिड तर कधीच घालायचं नाही. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं की इन्व्हर्टर बंद करून, बांगड्या-अंगठी काढून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं ओल्या केलेल्या फडक्यानं पूस, कोरडं कर आणि व्हॅसलीन लाव. बांगडी दोन्ही टर्मिनलला टेकली तर ती लाल होईल एवढा करंट त्या बॅटरीत असतो. सडक्या अंड्याचा वास आला किंवा बॅटरी फुगलेली दिसली तर इन्व्हर्टर बंद, खिडक्या उघड्या, आणि माणूस येईपर्यंत तिच्याजवळ जायचं नाही.

ही कटकट नको असेल तर लिथियमचा इन्व्हर्टर मिळतो. पाणी नाही, वास नाही, चार्ज लवकर होतो, भिंतीला टांगता येतो. महाग आहे. तुझं घर लहान आहे, तुला पाणी बघायला वेळ मिळणार नाही हेही मला ठाऊक आहे, त्यामुळं परवडत असेल तर मी तोच घे म्हणेन. आत लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल आहेत ना, एवढं दुकानदाराकडून बिलावर लिहून घे.

आपल्याकडे लाईट क्वचित जाते, म्हणून बॅटरी महिनोन्‌महिने नुसती बसून राहते आणि मेलेली कळत नाही. दर महिन्याला एकदा काम चालू असताना यूपीएसच्या पॉइंटचं बटण बंद कर. प्लग ओढू नकोस. बटणानं फेज तुटतो, अर्थ जोडलेला राहतो. प्लग ओढला की अर्थही जातो. अर्ध्या तासाच्या जागी पाच मिनिटांत बीप वाढली तर बॅटरी संपली. साध्या यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत जातेच. तेव्हा बॅटरीच बदलायची, यूपीएस फेकायचा नाही.

बॅटरी घेताना तिच्यावरचा उत्पादनाचा महिना बघ. सहा महिने दुकानात पडून राहिलेली घेऊ नकोस. वॉरंटी ३६ अधिक २४ महिने अशी लिहिलेली असते. पहिल्या आकड्यात बॅटरी फुकट बदलून मिळते, दुसऱ्यात फक्त नव्या बॅटरीवर काही सूट. दोन्हींची बेरीज सांगून कुणी वॉरंटी विकत असेल तर पहिला आकडा विचार. कार्डावर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

जुनी बॅटरी दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नकोस. तो ती फोडतो, ॲसिड गटारात जातं आणि शिशाची धूळ त्याच्या पोराबाळांच्या पोटात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, आणि नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करून देतो. जुनी त्याच्याकडेच दे आणि बिलावर तशी नोंद करून घे.